धुवायची राहिलेली जॅकेटं

"बोट कुठाय?" डोकं पाण्याबाहेर काढल्या काढल्या फुगेवाल्याने विचारलं.

त्याच्या मुलीने डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली आणि ती पाण्यात स्वतःभोवती एकदा फिरली, मग उलट्या बाजूने पुन्हा एकदा. एका बाजूला काळा खडक होता. तो मघाशी बोटीवरून हाताच्या अंतरावर वाटत होता, आता बराच लांब गेला होता. बाकी तिन्ही बाजूंना पाणीच पाणी.

"खडकाच्या पलीकडे असेल," ती म्हणाली. "आपण प्रवाहाने इकडे आलो. थांबा जरा."

एका मोठ्या लाटेने दोघांना वर उचललं आणि त्या क्षणात दोघांनाही ती दिसली. किनाऱ्याच्या दिशेने निघालेला पांढरा ठिपका. लाट खाली गेली, ठिपका गेला. पुढच्या लाटेला तो आणखी लहान झाला होता. मुलगी शिट्टी तोंडात धरून जीव खाऊन फुंकत राहिली, पण इंजिनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार?

"येतील परत," फुगेवाला म्हणाला. बाप म्हटला की असं काहीतरी म्हणावंच लागतं.

फुगेवाला हे त्याचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या हौशी लोकांना सामान भाड्याने देणारं एक दुकान होतं. तिथे मागच्या खोलीत तो सव्वीस वर्षं जॅकेटं दुरुस्त करत होता. बुडी मारणारा माणूस पाठीवर हवेचं सिलिंडर घेतो आणि अंगात हे जॅकेट घालतो. हवा भरली की वर, सोडली की खाली. दिवसभर हा माणूस जॅकेटं फुगवणार, टाकीत बुडवणार, बुडबुडे शोधणार, शिवणार, चिकटवणार. कोणीतरी गमतीने फुगेवाला म्हटलं आणि ते चिकटलं. पाठीमागेच नव्हे, तोंडावरही. बायकोसुद्धा रागावली की "अहो फुगेवाले" म्हणायची.

आणि संध्याकाळी जॅकेटं धुवायची. हे काम त्याला कोणी दिलेलं नव्हतं, पण त्याने दुसऱ्या कोणाला हातही लावू दिला नव्हता. समुद्रावर जाऊन आलेलं प्रत्येक जॅकेट गोड्या पाण्यात बुचकळायचं, आतही पाणी घालून खळखळवायचं, नाहीतर मीठ साचून झडपा कडक होतात. ताप असो, लग्नकार्य असो, सव्वीस वर्षांत एकही जॅकेट रात्रभर खारट राहिलं नव्हतं.

स्वतः मात्र तो कधी समुद्रात उतरला नव्हता. मुलगी त्याच दुकानात गाईड झाली, लोकांना खाली नेऊन मासे दाखवू लागली, तेव्हापासून चार वर्षं ती मागे लागली होती. "बाबा, नुसतं फुगवता. एकदा घालून तर बघा."

"जॅकेटं कोण धुणार?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"एक दिवस नाही धुतली तर काय आभाळ कोसळणार आहे?" असं म्हणून आज, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, तिने त्याला अक्षरशः ओढत बोटीवर चढवला होता.

आणि आता हे.

"आधी वजनं सोडा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. हा गिऱ्हाइकांशी बोलण्याचा आवाज होता, शांत आणि जरा मोठा. "पट्ट्याचं बक्कल ओढा. हां. जाऊ दे. माझ्याकडे बघा. पाठ लाटेकडे करा."

शिशाचा पट्टा कमरेवरून सुटून खाली गेला. लाटा तोंडावर येत होत्या म्हणून फुगेवाल्याने श्वासाची नळी तोंडातून काढली नव्हती. घाबरलेला माणूस हवा कशी ओढतो हे त्याने ऐकलं होतं, आता स्वतः करून पाहिलं. पाव तासात सिलिंडर संपलं. मुलीने आपली दुसरी नळी त्याला दिली, तर त्याने तीही हवा संपवली. मग तिने दोघांची रिकामी, जड सिलिंडरं सोडून दिली. सिलिंडर गेलं म्हणजे बटण दाबून जॅकेटात हवा भरायची सोयही गेली. आता जी काय हवा भरायची ती जॅकेटच्या नळीतून, तोंडाने.

आणि इथे फुगेवाल्याचं तोंडचं पाणी पळालं. कारण त्याच्या अंगात कुठलं जॅकेट होतं हे त्याला चांगलं माहीत होतं.

ते दुकानातलं सगळ्यात जुनं जॅकेट होतं. डाव्या खांद्यावर हवा सोडायची झडप असते, तिच्या आतली रबरी चकती झिजली होती. नवी मागवली होती, आली नव्हती. त्याने जुनीच उलटी करून बसवली आणि टाकीत बुडवून बघितलं. थोड्या थोड्या वेळाने एक बुडबुडा. हे जॅकेट त्याने गिऱ्हाइकाला कधीच दिलं नसतं. पण स्वतःसाठी चांगलं जॅकेट अडवून ठेवायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. मला काय, अर्ध्या तासाचं काम, असं म्हणून त्याने सकाळी तेच उचललं होतं. अंगाला चिकटून बसणारा रबरी सूटही पोटावरून चढेना, म्हणून तो नुसत्या शर्टावर आणि अर्ध्या चड्डीवर आला होता. मुलीचा सूट तरी तिला तरंगवत होता. याला तरंगवायला त्या एका चकतीशिवाय काही नव्हतं.

टाकीतल्या पाण्यात जॅकेट स्वस्थ पडून असतं. इथे खाली माणूस लटकलेला आणि वरून लाटा. दहा मिनिटांत कॉलर सैल पडली आणि पाणी हनुवटीला लागलं. त्याने मुलीची पाठ आहे असं बघून नळी तोंडात धरली आणि फुंकलं.

मुलगी दुसऱ्याच माणसाला झोडपत होती. बोट चालवणारा माणूस, ज्याला सगळे कप्तान म्हणायचे.

"फाडून खाईन त्याला. तुम्ही येताना बोटीच्या पुढच्या खोलीत उलट्या करत झोपला होतात ना, आताही तिथेच झोपलात असं वाटलं असेल. आणि मी तुमचे पाय चेपत बसलीय! एका गिऱ्हाइकाच्या नाकातून रक्त आलं होतं, मी उडी मारताना पाहिलं, त्याच्यामुळे घाई केली असेल. पण मोजायचं नाही? दहा खुंट्या. दहा जॅकेटं लागली की निघायचं. एवढंच तर मोजायचं असतं!"

फुगेवाल्याच्या तोंडातून नळी सुटली.

"खुंट्या मोजतो तो?" त्याने विचारलं.

"मग काय. माणसं इकडे तिकडे फिरत असतात. वर आला की प्रत्येक जण जॅकेट काढून खुंटीला लावतो. दोन खुंट्या रिकाम्या म्हणजे दोघं पाण्यात. इतकी वर्षं कधी चुकला नाही."

सव्वीस वर्षं जॅकेटं दुरुस्त केली, पण बोटीवर माणसं कशी मोजतात हे फुगेवाल्याला ठाऊक नव्हतं. बोटीवर पहिल्यांदाच तर आला होता.

"मी लावली," तो म्हणाला.

"काय?"

"ती दोन. काल चिकटवलेली दोन जॅकेटं मी पिशवीतून आणली होती. खोलीत सोल्युशन लवकर वाळत नाही. म्हटलं, वाऱ्यावर वाळतील. आपण आपली काढली, दोन खुंट्या रिकाम्या झाल्या, म्हणून ती तिथे लावली." तो थांबला. "मला रिकामी खुंटी बघवत नाही, तुला माहितीय."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला आणि मग ती हसायलाच लागली, हसता हसता तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. त्याने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. पाण्यात थापट्या धड बसत नाहीत.

"कप्तानाला शिव्या देऊ नकोस," तो म्हणाला. "त्याने बरोबर मोजली."

सूर्य डोक्यावर आला. दोघांनी एकमेकांच्या जॅकेटचे पट्टे अडकवून घेतले होते. फुगेवाला मनाशी हिशेब मांडत होता. बोटीला किनाऱ्यावर जायला तास. सामान उतरवायला अर्धा तास.

"कळेल त्यांना," तो म्हणाला. "धुवायला घेतील ना, तेव्हा कळेल. दोन जॅकेटं कोरडी लागतील."

मुलगी हळूच म्हणाली, "धुतं कोण, बाबा?"

दुकानात मालकीणबाई पुढच्या खोलीत असायच्या, मागे कोण आलं, कोण गेलं, त्यांना पत्ता नसायचा. घरी बायको सातपर्यंत वाट बघणार. सातला अंधार. सव्वीस वर्षं एका खोलीत बसलेला माणूस एक दुपार दिसला नाही तर कोणाचं काय अडतं, असा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि त्याला फार वाईट वाटलं.

दोनच्या सुमाराला मुलीने खडकाकडे बघून अंदाज घेतला. प्रवाह जरा मंदावला होता.

"मी पोहत जाऊ शकते," ती म्हणाली. "वर चढले तर लांबून दिसेन. पण तुम्हाला ओढत नेणं जमणार नाही."

"मग जा की."

"तुम्ही एकटे राहाल?"

"मला काय झालंय? फुगलोय तर आहे." हे बोलताना त्याने छाती पुढे काढली. तो पट्टा सोडवायला लागला. त्याला तिला लांब पाठवायचं होतं. खडकावर चढली म्हणजे ही तरी वाचली. अर्ध्या तासाने आपल्या गालांत ताकद उरणार नाही, तेव्हा तिने इथे नसावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मुलीने पट्टा सोडू दिला. दोन हात मारले आणि वळून बघितलं. मग परत आली.

"तुम्ही असे तिरके का तरंगताय?"

"तिरका कुठे?"

"डावा खांदा पाण्यात. मघापासून तसाच. मान दुखत नाही?" तिने हात लांब करून त्याची कॉलर चिमटीत धरली. चिमूट मिटली. मधे हवा नव्हतीच. ती चार वर्षं गाईड होती, आणि त्याआधी वीस वर्षं याच माणसाची मुलगी. "झडप गळतेय."

"थोडीशी."

"कधीपासून?"

"हवा वर जाते, म्हणून झडप खाली ठेवायची. डावा खांदा बुडवला की हवा उजवीकडे राहते," तो घाईघाईने सांगू लागला. "मग दर पाच मिनिटांनी फुंकलं तरी चालतं. मी बघितलंय करून."

"कधीपासून, बाबा?"

"पहिल्यापासून."

"आणि मला जा म्हणत होतात?"

मुलीने त्याच्या छातीवरचा पट्टा ओढून पुन्हा आपल्या पट्ट्यात अडकवला. एकदा नाही, दोनदा गुंडाळून.

"पुन्हा सोडवलात तर बघा," ती म्हणाली. "लोकांना कसली जॅकेटं देता? एवढा एक दोरा निघाला तरी बाद करता. आणि स्वतः हे घालता? तुमचा जीव काय रस्त्यावर पडलाय?"

"ओरडू नकोस. घसा सुकेल."

"ओरडणार!"

मग तिने नळी त्याच्या हातातून घेतली, बटण दाबलं आणि स्वतः फुंकायला लागली. तिची फुफ्फुसं पोहणाऱ्याची. चार दमांत कॉलर ताठ झाली.

तीन वाजले असतील, चार वाजले असतील. एकदा तो, एकदा ती. फुंकायचं, मोजायचं, पुन्हा फुंकायचं. ओठ मिठाने फुटले. कोमट वाटलेलं पाणी आता गार लागायला लागलं आणि फुगेवाल्याचे दात वाजू लागले. मुलीने त्याला गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीमागून मिठी मारून धरलं. डावा खांदा पाण्यात, डावा कान पाण्यात. त्या कानाला फक्त समुद्र ऐकू येत होता.

"झोपू नका."

"नाही झोपत."

"काहीतरी बोला."

"काय बोलू?" तो म्हणाला. "तू लहान होतीस तेव्हा तुला माझी लाज वाटायची. शाळेत कोणीतरी विचारलं, बाबा काय करतात, तर तू सांगितलंस, समुद्रात बुड्या मारतात."

मुलीची मिठी जरा ढिली झाली आणि पुन्हा घट्ट झाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बाईंनी. मला म्हणाल्या, मोती सापडतात का हो?" तो हसला, दात वाजवत. "मी म्हटलं, अजून नाही सापडले."

ती त्याच्या मानेवर कपाळ टेकून रडली. त्याने फक्त नळी मागितली, कारण कॉलर पुन्हा सैल झाली होती. पण त्याच्या फुंकण्यात आता दम नव्हता. हवा गालातच राहत होती. ती म्हणाली, "द्या इकडे," आणि त्यानंतर तीच फुंकत राहिली. दर तीन मिनिटांनी. मग दर दोन.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा उजव्या कानाला काहीतरी ऐकू आलं.

"इंजिन," तो म्हणाला.

"वारा आहे."

"इंजिन आहे. कप्तानाचंच आहे. खोकतं तसं."

मुलीने कमरेला गुंडाळून ठेवलेला, बोटीला खूण करायचा नारंगी फुगा काढला. माणसाएवढा लांब, उभा राहणारा. तो हातातून दोनदा निसटला. फुगेवाल्याने त्याचं खालचं टोक घट्ट धरलं, तिने फुंकलं, आणि फुगा उभा राहिला. मग ती शिट्टी वाजवायला लागली. थांबायची, ऐकायची, वाजवायची. बोट एकदा सरळ पुढे निघून गेली. त्या दोन मिनिटांत तो मनातल्या मनात बायकोशी बोलून घेत होता. मग इंजिनाचा आवाज मंदावला, फिरला, आणि मोठा व्हायला लागला.

कप्तान बोटीवर एकटाच होता. त्याने आधी मुलीला ओढलं, मग दोघांनी मिळून बापाला. फुगेवाला फळ्यांवर आडवा पडला. कप्तानाने एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला, एक मुलीच्या.

"एक. दोन," तो मोठ्याने म्हणाला.

घोंगडी, पाणी, वायरलेसवर निरोप, सगळं झालं. किनाऱ्याचे दिवे दिसायला लागल्यावर फुगेवाल्याला बोलता आलं.

"ती दोन जॅकेटं मी लावली होती," तो म्हणाला.

"माहितीय."

"चूक माझी. मालकीणबाईंना मी सांगेन."

"मोजणारा मी होतो," कप्तान म्हणाला. "हात लावून मोजलं असतं तर कोरडी लागली असती. नजरेने मोजलं." तो सुकाणूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साडेचारला दुकानात मागे गेलो होतो, तुझी टर उडवायला. म्हटलं, उलट्या किती झाल्या विचारू. तर जॅकेटं तशीच. ढीग पडलेला, टाकीत पाणीसुद्धा भरलेलं नाही."

फुगेवाला कोपरावर उठून बसला.

"मालकीणबाई म्हणाल्या, घरी गेला असेल, बरं नव्हतं त्याला. मी म्हटलं, बाई, तो मेला तरी जॅकेटं धुऊन मरेल." कप्तानाने बोट दिव्यांकडे वळवली. "मग एकेक उचलून बघितलं."

धक्क्यावर मालकीणबाई होत्या, बायको होती, डॉक्टर होते. बायकोने त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी छाती तपासली, घरी जाऊन पडा म्हणाले. फुगेवाला हो म्हणाला आणि दुकानाच्या मागच्या खोलीकडे चालायला लागला. मालकीणबाई काही बोलायला गेल्या, पण मुलीने त्यांना हाताने थांबवलं.

ढीग तसाच पडला होता. मीठ वाळून त्याच्यावर पांढरे डाग आले होते. फुगेवाल्याने नळ सोडला आणि टाकी भरेपर्यंत काठाला धरून उभा राहिला. हात अजून सरळ होत नव्हते, म्हणून जॅकेट उचलायचं काम मुलीने केलं, बुचकळायचं त्याने. कप्तान पिळून खुंटीला लावत गेला. लावताना प्रत्येकाला हात लावून बघत होता. गळणारं ते जुनं जॅकेट आलं, तेव्हा फुगेवाल्याने तेही नीट धुतलं, आत पाणी घालून खळखळवलं. मग टेबलावरची कात्री घेऊन त्याचा खांदा कापला आणि कोपऱ्यात टाकलं. एक खुंटी रिकामी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि ती तशीच राहू दिली.

शेवटी चिकटवलेली दोन उरली.

"ही राहू दे, बाबा," मुलगी म्हणाली. "ही कोरडीच आहेत."

"आण इकडे," तो म्हणाला. "समुद्रावर जाऊन आलीत ना."